पोस्टमनने दार उघडलं तेव्हा

लिमरिक,
रविवार, २७ ऑक्टोबर

प्रिय लेलिया,

दर नाताळात तुझं कार्ड मला येतं आणि माझं तुला जातं. आत छापलेल्या शुभेच्छा, खाली नाव. चाळीस वर्षांत आपण दोघींनी त्यात एक शब्द वाढवला नाही. गेल्या वर्षी मात्र तुझ्या नावाशेजारी रॉबिन पक्ष्याचं एवढंसं चित्र चिकटवलेलं होतं. दुकानातूनच तसं आलं असेल, कोण जाणे. पण मी ते कार्ड फेब्रुवारी संपेपर्यंत शेगडीवरच्या फळीवर ठेवलं होतं. तेव्हा आज नाताळ नसताना हे जाड पाकीट पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्या शाळेच्या सिस्टर बेनिग्नससुद्धा आहेत, शहाऐंशी वर्षांच्या. मी भेटायला गेले की अजून पहिला प्रश्न हाच, "तुझ्या बाकावरची कुठेय?" मी सांगते, स्कॉटलंडला, समुद्रकाठी, ग्रंथालयातून निवृत्त झाली. "ते मला माहीत आहे," म्हणतात, "मी विचारतेय ती कुठेय."

पुढच्या जूनमध्ये मीही निवृत्त होतेय. आमची कचेरी एका बेकरीच्या वर आहे, त्यामुळे सव्वीस वर्षं आमच्या सगळ्या कागदांना सोडा ब्रेडचा वास येतो. एका न्यायाधीशांनी एकदा भर कोर्टात विचारलं होतं, हा अर्ज ताजा आहे का म्हणून. आम्ही सातजण आहोत. ज्यांच्याविषयी सगळं दुसरेच ठरवतात, कुठे राहायचं, कधी झोपायचं, कुणी अंघोळ घालायची, अशा अपंग माणसांचे खटले आम्ही लढतो. मी मोठी वकील कधीच नव्हते, लेलिया. माझ्याहून हुशार मुली माझ्या हाताखाली आल्या आणि गेल्या. मी त्यांना कायदा फारसा शिकवला नाही, काही सवयी तेवढ्या लावल्या. पहिल्या भेटीत चहाची किटली संपेपर्यंत कागद बाहेर काढायचा नाही. बोलायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, मग बस चुकली तरी चालेल. आणि तिसरी सवय लाल पेन्सिलची.

ती अशी. शपथपत्राचा मसुदा झाला की तो अशिलाला साध्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लाल पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. हात चालत नसेल तर तो सांगेल तिथे आपण रेघ मारायची. जे वाक्य त्याला स्वतःचं वाटत नाही ते जातं, आम्हाला कितीही आवडो. नव्या मुली कुरकुरतात. सोर्खा, माझ्यानंतर जी हे सगळं सांभाळणार आहे ती, पहिल्याच वर्षी माझ्याशी भांडली होती. "डिंफ्ना, अहो, हे वाक्य गेलं तर खटला गेला!" मी म्हटलं, "गेला तर गेला. तो माणूस तुझ्या वाक्यात राहायला जाणार नाहीये." ही सवय कुठून आली असं कुणी विचारलं की मी शाळेचं नाव सांगते. सिस्टर बेनिग्नस निबंधावर स्वतः रेघ मारत नसत, पेन्सिल आपल्याच हातात देत, हे सांगते. आठवतं ना? 'माझे घर' या निबंधात तू लिहिलं होतंस की संध्याकाळी बाबा फाटकापाशी दिसले की मी धावत जाते. पायात लोखंडी पट्टे असलेली तू. सिस्टरनी पेन्सिल पुढे केली आणि म्हणाल्या, "लेलिया, यातलं तुझं कुठलं?" तू जीभ बाहेर काढून जरा विचार केलास, 'धावत जाते' खोडलंस आणि वर लिहिलंस, 'इतकी ओरडते की बाबाच धावत येतात.' सिस्टरना हसू आवरेना. ही गोष्ट मी कचेरीत पन्नासदा सांगितली असेल. ती खरी आहे. पण पेन्सिलच्या सवयीचं अर्धंच कारण ती आहे. उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, गेल्या मंगळवारपर्यंत.

तुला कॉरमॅकविषयी सांगायला हवं. कॉरमॅक हार्टिगन, वय एकोणसाठ. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय त्याचं ऐकत नाहीत आणि एक वाक्य बोलायला त्याला दुसऱ्याच्या दहा वाक्यांइतका वेळ लागतो. डोकं मात्र आपल्या दोघींच्या डोक्यांपेक्षा लख्ख. शहराबाहेर आईच्या घरात राहतो, मागे शर्यतीची अठरा कबुतरं आहेत. आई मार्चमध्ये गेली. एप्रिलमध्ये आरोग्य खात्याचं पत्र आलं की त्याला एकट्याला तिथे धोका आहे, सबब शुश्रूषागृहात जागा ठेवली आहे. तिथे सगळे ऐंशीच्या पुढचे, आणि कबुतरांना बंदी. त्याला हवं होतं एवढंच की सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मदतनीस घरी यावी. पहिल्या भेटीत किटली संपली, दुसरीही संपली, तेव्हा कुठे त्याचं वाक्य पुरं झालं. "वकीलबाई, मी... मरायला... घरीच बसलोय. पण... घाई नाहीये."

आता आमच्या धंद्यातली एक वाईट गोष्ट ऐक. मदत मागायची तर माणसाचा सगळ्यात वाईट दिवस कागदावर मांडावा लागतो. अर्जाचे रकानेच तसे असतात. चांगला दिवस लिहिला की म्हणतात, मग मदत कशाला? वाईट दिवस लिहिला की म्हणतात, मग घरी कशाला? कॉरमॅकचा वाईट दिवस मे महिन्यातला. कबुतरांच्या खुराड्यात तो पडला आणि तीन तास तिथेच पडून राहिला, शेजारीण येईपर्यंत. सोर्खाने ते फार सुंदर लिहिलं होतं. कॉरमॅकने सगळं ऐकून घेतलं, मुठीत पेन्सिल धरली आणि 'असहाय' हा शब्द खोडला. मग 'विष्ठेत पडून' खोडलं. मग 'जिवाच्या भीतीने' यावर इतका वेळ रेघ ओढत राहिला की कागद फाटला. सोर्खाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. शेवटी तो म्हणाला, आता लिही. आणि अर्ध्या तासात त्याने एवढं सांगितलं: मी पडलो होतो म्हणून त्या दिवशी मला छताच्या फटीतून आभाळ दिसलं. सतरा खुराड्यातच होती, शर्यतीला एकच सोडली होती. अठरावी, ती राखाडी मादी, डोळ्यांदेखत उतरली. शर्यतीतली तिची सगळ्यात चांगली वेळ, आणि वेळ नोंदवायचं घड्याळ दाबायला माझा हात पोचेना. मदतनीस असती तर आम्ही जिंकलो असतो.

सोर्खा म्हणाली, "हे कोर्टात वाचायचं? कबुतराच्या शर्यतीसाठी मदतनीस?" मी म्हटलं, "वाचायचं."

मंगळवारी सुनावणी होती. आरोग्य खात्याचे वकील सभ्य गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी आधीचे निकाल काढले. एक, दोन, आणि तिसरा काढताना जरा थांबून म्हणाले, "हा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. माझ्या विद्वान प्रतिपक्षाच्या परिचयाचा असावा." लेलिया, तो तुझा खटला होता. माझ्या नावावरचा पहिला विजय, पण आमच्या कपाटात त्याची प्रत नाही. मी तो कधी कुठे दाखला म्हणून दिला नाही, मुलींना शिकवला नाही. त्या निकालात तुझ्या शपथपत्रातला एक परिच्छेद जसाच्या तसा उतरवलेला आहे, आणि तो ते वाचायला लागले.

'मदतनीस दोन दिवस आली नाही. अर्जदार पूर्ण वेळ खुर्चीत खिळून होती. तिला पाणी घेता आले नाही. नैसर्गिक विधी जागीच झाले. पोस्टमनने दार उघडले तेव्हा अर्जदार बोलण्याच्या स्थितीत नव्हती.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, एकट्या राहणाऱ्या अपंग व्यक्तीचं काय होतं हे याहून स्पष्ट कोणी सांगावं? तुला घरी ठेवण्यासाठी मी लिहिलेले शब्द ते कॉरमॅकला घराबाहेर काढण्यासाठी वाचत होते. मी सत्तावीस वर्षांची असताना माझ्या बोटांनी टंकलेले शब्द. एकही अक्षर मी विसरले नव्हते.

आणि कॉरमॅकला कुजबुजता येत नाही गं. त्याचं कुजबुजणं सगळ्या खोलीला ऐकू जातं. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तिला... पेन्सिल... दिली होती का?"

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

नाही दिली, लेलिया. तुला मी पेन्सिल दिली नाही. वाचूनही दाखवलं नाही. मी स्वयंपाकघरात आले, तू स्कोनवर लोणी लावत होतीस, मी म्हटलं, "इथे सही कर, बाकीचं मी बघते." तू लोण्याचा हात झग्याला पुसलास आणि न वाचता सही केलीस. दुसऱ्या कुणाच्या कागदावर तू अशी सही केली असतीस? दुधाच्या पावतीतसुद्धा चुका काढायचीस तू.

ते दोन दिवस तू मला सांगितलेस ते तर मला शब्द न् शब्द पाठ आहेत. सांगताना तू इतकी हसत होतीस की चहा बशीत सांडला. बाबा तेव्हा परगावी कामाला राहायचे, आणि तुझ्या हाताशी काय, तर मनुकांचा ब्रॅक-पाव आणि रेडिओ. ब्रॅक संपवलास आणि हर्लिंगच्या सामन्यात कोर्कच्या संघाला शिव्या घालत दोन दिवस काढलेस. त्रास झाला नाही असं तू म्हणाली नाहीस. पहिल्या रात्री रडले, म्हणालीस, आणि मग कंटाळा आला रडण्याचा. तिसऱ्या दिवशी सायमन पोस्टमनने दार ढकललं, उंबऱ्यात उभा राहून शिस्तीत बूट पुसायला लागला, आणि तू खुर्चीतून ओरडलीस, "सायमन, आत येताना नको रे पुसूस! बाहेर जाताना पूस!" त्या बिचाऱ्याला रडावं की हसावं कळेना. आपण दोघी त्यावर किती हसलो. आणि मी घरी गेले, यंत्रात कागद चढवला आणि लिहिलं, बोलण्याच्या स्थितीत नव्हती.

तेव्हा मला वाटलं होतं, हसू राहिलं तर न्यायाधीश म्हणतील, ही तर मजेत आहे. भीती होती की ते तुला त्या थोरल्या दवाखान्यात कायमचं पाठवतील. ती भीती खोटी नव्हती. पण मी तुझं हसू काढून टाकलं ते तुला न विचारता, आणि ते मोठ्याने वाचलं ते तुझ्याच गावाच्या कोर्टात, तुझे बाबा पहिल्या बाकावर बसलेले असताना. मागे डोनल होता, तुझ्यावर जीव जडलेला, केस ओले करून बसवलेला, तुझ्यासाठी कामावरून सुट्टी काढून आलेला. मी वाचत होते आणि तू माझ्याकडे बघत होतीस. तुझा चेहरा मी तेव्हा वाचला नाही, मला कागद वाचायचा होता. आपण जिंकलो. पायऱ्यांपाशी तू एवढंच म्हणालीस, "जिंकलीस ना, डिंफ. आता मला घरी सोड." आठवड्याने ते सगळं स्थानिक पेपरात आलं. बेकरीवाली तुझ्याकडून बनचे पैसे घेईना. पाद्रीबाबा तुझ्या डोक्यावर हात ठेवायला लागले. आणि डोनल तुझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, जणू तुझे पाय नाही, कान गेले होते. हे मला तुझ्या बाबांनी सांगितलं, तू नाही. वर्षभरात तू गाव सोडलंस. ज्या घरात तू राहावंस म्हणून मी लढले, त्याच घरात तुझं राहणं मी अवघड करून ठेवलं.

तर मंगळवारी मी उभी राहिले. मी म्हटलं, "माझे अशील विचारतात की त्या बाईंना स्वतःचं शपथपत्र दुरुस्त करायची संधी दिली होती का. नव्हती दिली. ते मी लिहिलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य असत्य आहे. पोस्टमनने दार उघडलं तेव्हा त्या बोलल्या होत्या, आणि अतिशय चांगलं बोलल्या होत्या." न्यायाधीशबाई म्हणाल्या, "काय बोलल्या होत्या?" माझ्या जिभेवर होतं गं. नुसतं म्हटलं असतं तरी सगळी खोली हसली असती, समोरच्या वकिलांचा मुद्दा तिथेच आडवा झाला असता, कॉरमॅकचं भलं झालं असतं. सोर्खाचे डोळे म्हणत होते, सांगा, सांगून टाका. मी म्हटलं, "ते मला माहीत आहे, महोदया. पण ते माझं नाही. त्या हयात आहेत. मी त्यांना एकदा विचारलं नव्हतं. या वेळी विचारल्याशिवाय सांगता येणार नाही."

मग बाईंनी कॉरमॅकला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? तो बोलायला लागला आणि त्या थांबल्या. तिथे किटली नव्हती, तरी पुरत्या थांबल्या. तो म्हणाला, "मी पडेन... अजून... पुष्कळदा. घरी... पडायचंय." बाईंनी त्याच दिवशी निकाल सांगितला. तो घरी राहणार, सकाळ-संध्याकाळ मदतनीस येणार. बाहेर आल्यावर कॉरमॅक माझ्या डोळ्यांकडे बघतो आणि म्हणतो, "रडताय कशाला? जिंकलो मी... तुम्ही नाही." सोर्खा मात्र जिन्यात माझ्या चार पायऱ्या पुढेच उतरून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चहा ठेवून म्हणाली, "त्या तुमच्या बाकावरच्या होत्या ना? निबंधवाल्या?" मी मान हलवली. वकिलांच्या मंडळाला त्या खोट्या वाक्याविषयी मी स्वतःच लिहून कळवलं आहे. जूनपर्यंत थांबू देतील की आधीच घरी बसवतील, पाहू. कॉरमॅकचं घर त्यामुळे जात नाही, तेवढं बाईंनी स्पष्ट केलं आहे.

आता हे पाकीट जाड का आहे ते सांगते. निकालाची कारणं बाई लेखी देणार आहेत आणि तुझा तो परिच्छेद पुन्हा त्यात यायचा आहे, कारण तो आता वादाचा मुद्दा आहे. लेखी निकाल कायमचा, कुणीही वाचेल. बाईंनी चार आठवड्यांची मुदत दिली आहे. तोवर तू म्हणशील तसं होईल. आत ते पान आहे, कोर्टाकडून आणलेली प्रत, आणि सुतळीत गुंडाळलेली एक लाल पेन्सिल. टोक मी करून दिलंय. सगळा परिच्छेद खोडलास तर तो कुठेच येणार नाही. एखादंच वाक्य खोडलंस तर तेवढंच जाईल. पान तसंच परत पाठवलंस किंवा शेगडीत घातलंस तर मी बाईंना तसंच सांगेन, आणि तुला पुन्हा विचारणार नाही. मी माफी मागायला बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की तीही मला हवी म्हणून मी मागतेय, म्हणून ती इथे मागत नाही. शेवटच्या ओळीच्या वर मी रिकामी जागा सोडून पान मोठं करून घेतलं आहे, तुझं अक्षर मोठं असतं म्हणून. वाक्य 'पोस्टमनने दार उघडलं तेव्हा' असं सुरू होतं. पुढचं तुझं आहे.

अजूनही तुझ्याच बाकावरची,
डिंफ्ना